मशीन वाजलं नाही

मी काय काम करते असं कुणी विचारलं आणि मी खरं सांगितलं, की समोरचं माणूस आधी हसतं. कुत्र्यामांजरांच्या खाण्यात धातूचा तुकडा गेलाय का, ते मी बघते. बारामतीच्या एमआयडीसीत आमची फॅक्टरी आहे. मका, तांदूळ, कोंबडीच्या मांसाची भुकटी असं सगळं एकत्र शिजवून त्याचे दाणे पाडतात, ते वाळवतात, चाळतात, त्यावर चरबीचा फवारा मारतात आणि पिशव्यांत भरतात. मी तिथं क्वालिटीत आहे. माहेर शेळगावचं. गावात आई अभिमानानं सांगायची, "पोरगी तपासणीला हाय." कसली तपासणी, ते मात्र गिळून टाकायची. भाऊ चिडवायचा, "आक्का, हितं माणसाचं ताट कोण तपासत न्हाय, आन् तू कुत्र्याचं तपासतीस व्हय?"

मीही हसायची. पण काम हसण्यावारी न्यायचं नव्हतं. त्या दाण्यांच्या सगळ्या वाटेवर लोखंड आणि स्टीलच असतं. पाती, स्क्रू, पत्रे, जाळ्या. त्यातलं काहीतरी कायम झिजत असतं. म्हणून शेवटी भरलेली प्रत्येक पिशवी पट्ट्यावरून एका चौकटीतून जाते. ते मेटल डिटेक्टर. आत धातू असला की भोंगा वाजतो आणि एक दांडा पिशवीला ढकलून बाजूच्या कुलूपबंद पेटीत टाकतो. मशीन जागं आहे ना, हे बघायला आमच्याकडे प्लास्टिकच्या कांड्या असतात. प्रत्येकीच्या टोकात मोहरीपेक्षाही बारीक एक गोळी, एकीत लोखंडाची, एकीत पितळेची, एकीत स्टीलची. कांडी पिशवीवर ठेवून चौकटीतून सोडायची. भोंगा वाजला की मशीन ठीक. दिवसभर हे थोड्या थोड्या वेळानं करत राहायचं. त्या भोंग्यावर माझा इतका भरवसा होता की घरी कुकरची शिट्टी ऐकून जितकं निवांत वाटतं, तितकं मला तो ऐकून वाटायचं.

गोष्ट हिवाळ्यातली आहे. साखर कारखान्यांचा हंगाम जोरात होता. माझ्या साप्ताहिक सुट्टीला मी शेळगावला जाऊन आले होते. तिथं आमची डाळिंबाची बाग आहे, ती भाऊ बघतो. घरी आई, वहिनी आणि भावाची मुलगी. ती तेव्हा नुकतीच धरून धरून चालायला लागली होती आणि दिसेल ती वस्तू तोंडात घालायची. बागेच्या राखणीला एक तांबडं कुत्रं आहे. फॅक्टरीच्या गेटजवळ आम्हा कामगारांसाठी एक खिडकी आहे, तिथं ताजा माल मिळतो. तिथून नेहमीसारखी एक पिशवी घेऊन मी स्कूटीच्या पुढ्यात ठेवली होती आणि कुत्र्यासाठी शेळगावला पोचवली होती. भावानं लगेच फोडून ताटली भरली. कुत्र्यानं दाणे कडाकडा फोडले, तसं पोरीनं टाळ्या पिटल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला मी कामावर होते. त्या दिवशी चाळणी उघडून साफ करायची होती. मेकॅनिकनं झाकण काढलं आणि मला हाक मारली. त्याच्या आवाजावरूनच मी हातातलं टाकून पळाले.

चाळणीची जाळी एका कोपऱ्यात फाटली होती. चौकटीला ती जिथं आवळलेली असते, तिथंच तळहाताएवढं भगदाड पडलं होतं. कडेच्या तारा जुन्या ब्रशासारख्या विस्कटल्या होत्या. आदल्या साफसफाईला मी स्वतः बॅटरी लावून ही जाळी बघितली होती, तेव्हा ती धड होती. म्हणजे मधल्या दिवसांत कधीतरी ती तुटत गेली होती, आणि त्या सगळ्या दिवसांत माल तिच्यावरूनच गेला होता.

आम्ही खालच्या धुळीच्या पेटीतून तारांचे तुकडे वेचले आणि पांढऱ्या कागदावर मांडले. भगदाड भरेल एवढे ते नव्हते. कितीही वेळा मांडले तरी पुरत नव्हते.

तेवढ्यात तात्या आले. तात्या आमचे पाळीचे प्रमुख. पणदऱ्याचे, घरी गाई, धारा काढून कामावर येणारे. फॅक्टरीतला सगळ्यात जुना माणूस, म्हणून साहेबांपासून सगळे त्यांना तात्याच म्हणायचे. त्यांनी भगदाड बघितलं, कागदावरचे तुकडे बघितले आणि मान हलवली.

"वंगाळ झालं. पण मशीन तर वाजलं न्हाय की गं. पेटीत एक पिशवी आलेली न्हाय. म्हंजी मालात काय गेलेलं न्हाय."

"मग तारा कुठं गेल्या, तात्या?"

"आसतील हितंच कुठंतरी. खाली, कोपऱ्यात."

त्यांना तसं वाटायला हवं होतं. मलाही हवं होतं. तरीही खात्री करायची होती. मी कागदावरचा एक तुकडा उचलला. नखाएवढा लांब, शिवणाच्या दोऱ्याएवढा जाड. तो एका पिशवीवर चिकटपट्टीनं आडवा लावला आणि पिशवी पट्ट्यावर सोडली. भोंगा वाजला, दांड्यानं पिशवी ढकलली. तात्यांनी सुस्कारा सोडला.

"बघ. म्हनलं न्हवतं?"

मी पेटी उघडून पिशवी परत आणली. तोच तुकडा काढून आता सरळ लावला, पट्टा जातो त्या दिशेनं. पिशवी चौकटीत शिरली. चौकटीतून बाहेर आली. आणि शांतपणे पुढं जाऊन टोकाला बाकीच्या पिशव्यांवर पडली.

काही वाजलं नाही.

मी पुन्हा सोडली. पुन्हा तेच. फॅक्टरीत पंखे, मोटारी, ट्रकचे हॉर्न सगळं चालू होतं, तरी मला त्या वेळी काहीच ऐकू येत नव्हतं. गोळी कुठूनही बघितली तरी गोलच असते. तारेचं तसं नसतं. बारीक स्टीलची तार आडवी आली तर मशीनला दिसते, लांबीनं सरळ गेली तर निसटते. हे मी शिकताना वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. डोळ्यांदेखत घडताना मात्र पहिल्यांदाच बघत होते.

तात्यांनी हात लांब करून लाल बटण दाबलं. पट्टा थांबला. मग पलीकडची मोटार, मग ड्रायरचा पंखा. एकेक आवाज बंद होत गेला तसे लोक आपापल्या जागेवरून आमच्याकडे बघायला लागले.

साहेब आले. मी त्यांना दोन्ही प्रकारे करून दाखवलं. त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी गोदामातला सगळा माल अडवायला सांगितलं, गेलेल्या ट्रकवाल्यांना फोन लावायला सांगितलं. आणि जाता जाता वळून म्हणाले, "गेटच्या खिडकीवरचा पण उचला. तो याच मालातला आहे."

तोपर्यंत मी फक्त कामाचा विचार करत होते. त्या वाक्यासरशी माझ्या डोळ्यांसमोर आमचं अंगण आलं, कुत्र्याची ताटली आली आणि टाळ्या पिटणारे दोन बारीक हात आले.

मी भावाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. तो बागेत फवारणीला गेला की फोन घरी ठेवून जातो. पुन्हा लावल्यावर आईनं उचलला.

"आई, मी आणलेली पिशवी कुत्र्याला घालू नका. असेल तशी बांधून ठेवा."

"सकाळीच घातलं की गं. का? काय झालंया?"

"कुत्रं बरं आहे?"

"त्याला काय धाड भरलीया. पडलंय उन्हाला."

"आणि बाळ? बाळ कुठंय?"

"हाय की हितंच, वयनीच्या कडंवर. लई किरकिर करतीया सकाळपासनं. दात येत्यात न्हवं."

मला विचारायचं धाडस होईना. विचारलं तर उत्तर येणार होतं.

"आई, ती ताटलीपाशी गेली होती का?"

"रोजच जाती. त्ये खातंय त्यातलं दोन दाणं ही बी टाकती तोंडात. मी वरडते, पर तूच म्हनली व्हतीस, ह्यात सगळं चांगलंच आसतंय म्हनून." मग तिचा आवाज बदलला. "पोरी, बोल की. काय हाय त्यात?"

मी तिला सांगितलं. तिला नीट कळलं की नाही माहीत नाही. पलीकडून फक्त वहिनीचं "काय झालं, आत्या, काय झालं" ऐकू येत होतं. मग वहिनीनं फोन घेतला. मी तिला म्हटलं, बॅटरी लावून तोंडात बघ. थोड्या वेळानं ती म्हणाली, "ताई, दिसत काय न्हाय. पर लाळ लई गळतीया. आन् लाळ गुलाबी हाय."

स्कूटीची किल्ली मला कुलपात बसवता येईना. तात्या मागून आले आणि त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "हात बघ तुजं. चल, माझ्या गाडीत बस."

बारामतीहून शेळगावचा रस्ता मला पाठ आहे. त्या दिवशी तो संपेना. भवानीनगरच्या अलीकडं उसाचे ट्रॅक्टर एकामागं एक लागले होते, प्रत्येकामागं दोन दोन ट्रॉल्या, वर गाणी लावलेली. तात्या हॉर्न दाबून धरत होते आणि कुणी बाजू देत नव्हतं. मी वहिनीला सारखा फोन करत होते. पाणी पाजू नको. काही खाऊ घालू नको. बोट घालू नको तोंडात. ती दर वेळी "बरं" म्हणायची आणि मागून पोरीचं रडणं यायचं. रडणं ऐकू आलं की जरा बरं वाटायचं, कारण श्वास चालू आहे. एकदा फोन लागला आणि मागं काहीच आवाज नव्हता. मी ओरडले. वहिनी म्हणाली, "डोळा लागलाय ताई जरा." मी म्हटलं, उठव. तिला उठव आधी.

सणसर गेल्यावर तात्या मला धीर द्यायला बोलायला लागले. "आगं, माझी एक गाय व्हती. तिनं वैरणीतनं तार खाल्ली. आठवडा आठवडा कुणाला पत्ता न्हाय. चांगली दूध द्यायची. मग जरा खानं कमी केलं, तवा डाक्टरला बलावलं. डाक्टर म्हनला, पोटात तार हाय, हळूहळू काळजाकडं सरकतीया..." आणि तिथंच ते थांबले. पुढं काय झालं ते त्यांना आठवलं असावं. त्यांनी गियर बदलला, काच खाली केली, परत वर घेतली.

घरी पोचलो तेव्हा आई अंगणात उभी होती. तिनं कुत्र्याला लांब डाळिंबाच्या कुंपणाला बांधलं होतं, जणू त्यानंच काही केलं होतं. वहिनी पोरीला घेऊन पायरीवर बसली होती. पोरीच्या झबल्याचा पुढचा भाग ओला होता आणि त्यावर फिकट लाल डाग होते. मला बघून ती एरवी झेप घेते. त्या दिवशी तिनं फक्त डोळे फिरवले. ती गिळत नव्हती. लाळ तोंडात साठायची, मग ओठावरून खाली गळायची. मध्येच गिळायचा प्रयत्न करायची, तेव्हा चेहरा वाकडा व्हायचा आणि मान ताठ व्हायची.

दात येताना असं होत नाही. हे आम्हा तिघींना एकदमच कळलं असावं, कारण आईनं पदर तोंडात धरला.

शेजारच्या माणसाला भावाकडं बागेत पाठवलं आणि आम्ही इंदापूरला निघालो. वहिनी आणि मी मागं, आई तात्यांच्या शेजारी. निमगाव येईपर्यंत आई पुटपुटत होती, बुद्ध वंदना म्हणत होती, मध्येच ओळी चुकत होती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.

इंदापूरच्या बालरोगतज्ज्ञ बाई शांत होत्या. त्यांनी पोरीला तपासलं, मला दोन-तीन प्रश्न विचारले. तार केवढी? टोकं कशी? मी खिशातून कागदाची पुडी काढली. निघताना मी एक तुकडा बरोबर घेतला होता. त्यांनी तो बोटावर घेऊन पाहिला. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण पुडी परत दिली नाही, टेबलावर ठेवून घेतली. "एक्स-रे काढू," म्हणाल्या.

एक्स-रेच्या खोलीत पोरीच्या अंगावरचा धातू उतरवायला सांगितलं. चांदीचे वाळे, कमरेचा चांदीचा मणी ओवलेला करदोडा, झबल्याची बटणं. वहिनीला करदोड्याची गाठ सुटेना. शेवटी आईनं तो दातानं तोडला. मला जड शिशाचा एप्रन घातला आणि पोरीला धरायला आत ठेवलं. ती किंचाळत होती, आणि किंचाळताना तिच्या घशातून घरघर येत होती. मी तिचे दोन्ही हात डोक्याच्या वर धरले. ती माझ्याकडं असं बघत होती, की मीच तिला काही करते आहे.

पहिला फोटो पडद्यावर आला. बरगड्या, काळी फुप्फुसं, मणक्याची साखळी. आम्ही सगळे वाकून बघत होतो. कुठंच काही नव्हतं. आईनं हात जोडले. वहिनी भिंतीला टेकून रडायला लागली. तात्या म्हणाले, "सुटलो बाबा."

मी तशीच उभी होते. सकाळीही चौकटीतून पिशवी अशीच शांत बाहेर आली होती.

डॉक्टरीणबाई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. मग त्या तंत्रज्ञाला म्हणाल्या, "आता मान बाजूनं घेऊ." हा त्यांचा रोजचाच क्रम असणार, कारण त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. पण मला ते ऐकताच कळलं. समोरून बघताना तार टोकावर आली, तर ती फक्त एक ठिपका दिसणार. तो ठिपका मणक्याच्या पांढऱ्यात हरवून जाणार. बाजूनं बघितलं तरच ती तार दिसणार. हे त्या खोलीत फक्त बाईंना आणि मला माहीत होतं. वहिनीचं सुटकेचं रडणं अजून चाललं होतं आणि मी तिच्याकडं बघू शकत नव्हते.

पोरीला कुशीवर धरलं. दुसरा फोटो आला.

मानेच्या मधोमध, घशाच्या खालच्या अंगाला, एक बारीक पांढरी रेघ होती. पेन्सिलीनं ओढल्यासारखी स्वच्छ. पुढून मागं गेलेली.

"अन्ननलिकेच्या तोंडाशी रुतली आहे," बाई म्हणाल्या. "खाली सरकली नाही, हे बरं झालं. पण ती भूल देऊनच काढावी लागेल. बारामतीला माझ्या ओळखीचे कान-नाक-घशाचे सर्जन आहेत, त्यांना फोन करते. वाटेत पाण्याचा थेंब द्यायचा नाही. रडू देऊ नका शक्यतो."

आला तो रस्ता आम्ही परत तुडवला. त्या प्रवासाबद्दल मला फार सांगता येणार नाही. पोरीला भूक लागली होती. ती वहिनीच्या पदराला झोंबत होती, आणि वहिनी तिला दूर धरून बसली होती. खड्डा आला की तात्या गाडी जवळजवळ थांबवत आणि मग अलगद पुढं घेत. मागचे लोक शिव्या घालत. मी पोरीचा घसा बघत होते. त्या एवढ्याशा कातडीच्या आत माझ्या फॅक्टरीची तार आहे, प्रत्येक धक्क्याला ती थोडी आणखी रुतत असेल, हे मनातून जाईना. तात्यांची गाय जाईना. काळजाकडं सरकतीया, हे शब्द जाईनात.

बारामतीच्या दवाखान्यात भाऊ आधीच येऊन थांबला होता. शेजाऱ्याच्या फोनवर निरोप मिळताच बागेतून तसाच निघालेला, पायजम्यावर औषधाचे डाग, डोळे लाल. सर्जननं फोटो बघितले. पोरीच्या पोटात सकाळचं दूध होतं, म्हणून भूल देण्याआधी काही वेळ थांबावं लागणार होतं. ते थांबणं सगळ्यात वाईट. काही करायचं नाही, फक्त तिच्या छातीकडं बघत बसायचं. नंतर सिस्टर आली आणि वहिनीच्या हातातून तिला घेऊन आत गेली. दार मिटलं, तरी रडणं दारातून येत होतं. मग हळूहळू ते बारीक झालं आणि एकदम थांबलं.

भाऊ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तो कधी मला आवाज चढवून बोलत नाही. तेव्हाही चढवला नाही.

"आक्का, तुजं काम काय हाय तितं?"

"तपासायचं."

"मंग ह्ये कसं गेलं?"

मी त्याला तार, पट्टा, दिशा असं काहीतरी सांगायला लागले. तो ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजी मशीनला दिसत न्हाय, ह्ये तुमास्नी ठावं व्हतं." तो प्रश्न नव्हता. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. आईनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि ती उठून आमच्या मधोमध येऊन बसली.

सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात स्टीलची छोटी वाटी होती. आत कापसावर तो तुकडा. "निघाली. थोडी जखम आहे, भोक पडलेलं नाही. आज रात्रभर लक्ष ठेवू. ताप आला नाही तर काळजीचं कारण नाही." भावानं वाटीकडं बघितलं आणि म्हणाला, "एवढीशीच?" मग तो गुडघ्यांवर डोकं ठेवून रडला. आमचा बाप गेला तेव्हाही तो असा रडला नव्हता.

तरीही माझी भीती गेली नाही. ताप आला नाही तर, असं सर्जन म्हणाले होते. मी सारखा तिच्या कपाळाला हात लावत होते. माझाच हात गार असल्यामुळं मला ते दर वेळी तापल्यासारखं वाटायचं, आणि मी सिस्टरला बोलवायची. शेवटी सिस्टरनं थर्मामीटर माझ्याच हातात दिला.

सकाळी तात्या आले. आदल्या दिवशी आम्हाला सोडून ते परत शेळगावला गेले होते, आमच्या घरातली पिशवी घेऊन फॅक्टरीत आले होते. "चादरीवर वतली आन् दाणा दाणा बघितला," ते म्हणाले. "आनखी एक तुकडा घावला. चरबीनं दाण्याला चिकटलेला." गेलेल्या ट्रकांपैकी एक सोडून सगळे वाटेतून परत फिरले होते. राहिलेल्याचा माल दुकानांतून गोळा करायला माणसं गेली होती. कुत्र्याला त्यांनी गुरांच्या डॉक्टरकडं दाखवलं होतं, त्याला काही झालं नव्हतं. मग ते पलंगापाशी गेले. पोरगी झोपली होती. त्यांनी तिच्या पायाला बोट लावलं आणि पुसल्यासारखं लगेच मागं घेतलं.

"साहेब येतो म्हनत व्हते," ते म्हणाले. "मी म्हनलं, आज नगा जाऊ. आज त्यांची मानसं असू द्या."

आता आमच्याकडं तशी तार बसवलेली कांडीही आहे, आणि ती आडवी, सरळ, उभी अशी सोडतो. जे मशीनला दिसत नाही, ते दिसत नाही असं लिहून भिंतीवर लावलेलं आहे. जाळी प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी उघडतात. फाटलेली सापडली तर मधला सगळा माल थांबतो. पुढं एक्स-रेचं मशीनही आलं. मी नोकरी सोडली नाही. भावाला वाटत होतं सोडावी. आई म्हणाली, ही गेली तर तिथं बघणारं कोण? पुढं बरेच महिने भावानं मला फॅक्टरीतलं काही विचारलं नाही. अजूनही एखादी पाळी सगळी शांत गेली, एकही पिशवी पेटीत पडली नाही, की मला घरी जावंसं वाटत नाही. मी पुन्हा मागं जाते, चाळणीचं झाकण उघडायला लावते. नवीन मुलं कंटाळतात.

तात्या दवाखान्यात येऊन गेले त्याच दिवशी दुपारी सर्जननं सांगितलं, आता थोडं दूध द्या, गिळते का बघू. वहिनीनं वाटीत कोमट दूध घेतलं, चमचा घेतला. आणि तिचा हात पुढं जाईना. तिनं वाटी भावाकडं केली. भावानं मान हलवली. आई म्हणाली, माझ्यानं बघवायचं न्हाय, आणि खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

वहिनीनं वाटी माझ्या हातात दिली. "ताई, तुमीच पाजा."

मला नको होतं. मी चमचा उजेडात धरून बघितला, दूध बघितलं, वाटीचा तळ बघितला. मग चमचा तिच्या ओठांना लावला. तिनं दूध तोंडात घेतलं आणि थांबली. तिला दुखेल याची तिलाही भीती वाटत होती. माझ्याकडं बघत ती तशीच बसून राहिली, गाल फुगवून. मग तिचा गळा हलला. चेहरा थोडा वाकडा झाला, पण ती रडली नाही.

तिनं दोन्ही हातांनी वाटी धरली आणि तोंडाकडं ओढायला लागली.